गरियाहाटच्या चढावर दीडशे घोडे

पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचं 1.5 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन 150 अश्वशक्तीचं आहे आणि त्याचा टॉर्क, म्हणजे दांडा पिळण्याचा जोर, 250 न्यूटन-मीटर. या इंजिनाला जोडलेला सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कंपनीत डीक्यू 200 या नावाने ओळखला जातो. तो किती टॉर्क सोसायला बनवलाय? तर तोही 250 न्यूटन-मीटर. इंजिन जेवढं देतं तेवढंच गिअरबॉक्स घेतो. कागदावर तरी मध्ये काही शिल्लक नाही.

तरीही गाडी दारात येऊन वर्ष व्हायच्या आत तिला लॅपटॉप जोडून इंजिन ‘रिमॅप’ करून घेणारे हौशी लोक प्रत्येक मोठ्या शहरात भेटतात. पाना-स्क्रूड्रायव्हरला हात न लावता, टर्बोचा दाब वाढवून, ठिणगीची वेळ थोडी पुढे ओढून टॉर्क पाव पटीने वाढवता येतो. याला ते ‘स्टेज वन’ म्हणतात. अशी गाडी कोलकात्यात बालीगंजमध्ये रोज चालवायची ठरवली, तर तिच्या पोटात काय घडेल? रिमॅप केलेल्या ऑटोमॅटिक गाडीची खरी परीक्षा मोकळ्या महामार्गावर होते असा समज आहे. माझ्या मते ती तिथल्या गरियाहाटच्या संध्याकाळच्या गर्दीत होते.

बालीगंज सर्क्युलर रोड (सरकारी नाव प्रमथेश बरुआ सरणी) अजून झाडांचा आणि जुन्या बंगल्यांचा आहे. तिथे क्वचित अॅक्सिलरेटर दाबायला जागा मिळतेही. पण बालीगंज फांडीचा चौक ओलांडून गरियाहाटकडे वळलं की फेरीवाले, बस, पिवळ्या टॅक्सी आणि रिक्षा यांच्यात गाडी चालवायची नसते, ढकलायची असते.

याच भागात ट्राममध्ये बसलेल्या माणसाला मात्र गिअर, क्लच हे शब्द कधी आठवत नाहीत. कोलकात्याची ट्राम 1902 पासून विजेवर धावते आहे. विजेची मोटर शून्य फेऱ्यांवरही पूर्ण जोर लावू शकते, म्हणून तिला थेट चाकांशी जोडता येतं. पेट्रोल इंजिनाचं तसं नाही. ते मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांच्या फार खाली उतरलं की बंद पडतं. उभी गाडी आणि फिरतं इंजिन यांच्यामध्ये काहीतरी घसरावंच लागतं. ते घसरणं कुठे आणि कशात व्हावं, एवढ्या एका प्रश्नावर वाहन अभियांत्रिकीतल्या अनेक पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

डीक्यू 200 मध्ये ते घसरणं दोन कोरड्या क्लचमध्ये होतं. एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा हे गिअर आणि दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. गाडी दुसऱ्या गिअरवर चालत असतानाच तिसरा गिअर आतल्या आत जोडून तयार ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो आणि बदल सेकंदाच्या छोट्याशा अंशात उरकतो. चालकाचं डावं पाऊल जे काम करायचं, ते इथे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या झडपा करतात आणि त्यांना हुकूम देणारा संगणक गिअरबॉक्सलाच चिकटलेला असतो.

खरी गोम इथे आहे. क्लच किती जोराने दाबून धरायचा हे गिअरबॉक्सच्या संगणकाला इंजिनाचा संगणक सांगतो. ‘मी आत्ता 180 न्यूटन-मीटर देतोय’ असा निरोप तारेवरून अखंड जात असतो. गिअरबॉक्स त्यावर थोडी भर घालून दाब ठरवतो. उगाच जास्त दाबलं तर गिअर बदलताना धक्का बसतो, कमी दाबलं तर क्लच घसरतो. आता काही रिमॅप असे केलेले असतात की इंजिन देतं 310 आणि निरोप धाडतं 250 चा, कारण खरा आकडा कळला तर गिअरबॉक्स इंजिनालाच आवर घालायला सांगेल. थोडक्यात, इंजिन गिअरबॉक्सशी खोटं बोलतं. मग दाब कमी पडतो आणि क्लच घसरतो. चौथ्या-पाचव्या गिअरला पाय पूर्ण दाबल्यावर टॅकोमीटरचा काटा झपकन वर जातो, पण गाडी त्या मानाने पळत नाही. अशा वेळी क्लचच्या दोन बाजूंच्या गतीत मिनिटाला 300 फेऱ्यांचा फरक आणि जोर 300 न्यूटन-मीटर धरला, तरी तिथे नऊ किलोवॉटहून अधिक उष्णता तयार होत असते. ती बाहेर न्यायला तेल नाही. कोरडा क्लच म्हणजे भोवतालच्या हवेवर भरवसा, आणि जून महिन्यातली कोलकात्याची हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको.

पण हे झालं क्वचित घडणारं. बालीगंजमध्ये रोज घडणारं वेगळंच आहे.

गरियाहाटच्या उड्डाणपुलाच्या चढावर रांग थांबली आहे. समजा चढ पाच टक्क्यांचा आणि गाडी माणसांसकट 1300 किलोची. ती मागे न सरकता उभी राहायला चाकांकडे सुमारे 640 न्यूटन जोर हवा. पहिल्या गिअरमध्ये इंजिन चाकाच्या साधारण 16 पट फिरतं, म्हणून क्लचच्या वाट्याला जेमतेम 12 न्यूटन-मीटर येतात. अगदीच क्षुल्लक. मात्र चालकाने ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी चढावर तोलून धरली, तर इंजिन 1200 फेऱ्यांनी फिरतंय आणि क्लचची पलीकडची बाजू स्थिर आहे. गुणाकार केला की उत्तर येतं जवळपास दीड किलोवॉट. घरातली कपड्यांची साधी इस्त्री पूर्ण तापायला लावली तर जेवढी वीज खाते, त्याहूनही जास्त. आणि ही इस्त्री चालू आहे क्लचच्या दोन पातळ अस्तरांच्या मध्ये.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. सिग्नल सुटल्यावर तीच गाडी शून्यापासून ताशी 20 किलोमीटरपर्यंत सणसणीत उचलली, तर तिला मिळणारी गतिज ऊर्जा सुमारे 20 किलोज्यूल. इंजिनाचा वेग स्थिर धरला तर तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. इंजिन दीडशे घोड्यांचं असो की दोनशेंचं, हा आकडा बदलत नाही. फक्त ती उष्णता कमी वेळात एकवटते. म्हणजे चढावर सुमारे तेरा सेकंद नुसतं तरंगत उभं राहणं आणि एक जोरदार सुरुवात, क्लचच्या खातेवहीत दोन्ही सारखेच. पहिलं करताना चालकाला काही केल्यासारखं वाटतही नाही. पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला की तो दोष देतो रिमॅप करणाऱ्याला, निदान या बाबतीत तरी विनाकारण.

जोरदार सुरुवातीचाही थोडा भ्रमच आहे. ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. पहिल्या गिअरमध्ये मूळचे 250 न्यूटन-मीटरच चाकांच्या कडेला जवळजवळ 13 हजार न्यूटन होऊन पोहोचू पाहतात. कोरड्या डांबरावर पुढचे दोन टायर त्याच्या निम्माच जोर कसाबसा पकडून ठेवू शकतात. उरलेला ट्रॅक्शन कंट्रोल कापून टाकतो, नाहीतर टायर जाळून संपवतात. पावसात ट्रामच्या ओल्या पोलादी रुळावर चाक आलं तर ही पकड आणखी घसरते. मग वाढवलेला टॉर्क उपयोगी पडतो कुठे? तिसऱ्या गिअरच्या पुढे, ताशी 60-70 नंतर. बालीगंजमध्ये तो वेग पहाटेच दिसतो, आणि तेव्हाही तो दिसू नये अशी पोलिसांची अपेक्षा असते.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलांपासून दूर नेणारे फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत हे ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर कानाला कळतो. संगणकातली ओळ रस्त्यावरच्या हवालदाराला दिसत नाही, पण वॉरंटीचा दावा तपासणाऱ्याला ती सापडू शकते.

घसरणं टाळता येत नसेल तर ते तेलात होऊ द्यावं, हा दुसरा मार्ग. हेर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये जहाजांसाठी पेटंट घेतलेला टॉर्क कन्व्हर्टर हेच करतो. इंजिनाने फिरवलेली पाती तेल भिरकावतात, समोरची पाती त्या तेलाच्या माऱ्याने फिरतात आणि मधलं स्थिर चक्र परतणाऱ्या तेलाला पुन्हा कामाच्या दिशेला वळवतं. त्यामुळे गाडी उभी असताना हे यंत्र इंजिनाचा टॉर्क दुपटीच्या आसपास वाढवूनही देतं. झिजायला इथे अस्तर नाही. उष्णता होते, पण ती तेलात उतरते आणि तेल ती कूलरकडे घेऊन जातं. गाडी वेगाला लागली की आतला छोटा क्लच दोन्ही बाजू एकमेकींना बांधून टाकतो आणि घसरणं थांबतं.

चाकणच्याच पोलोने हा प्रवास करून दाखवला आहे. 2013 ची पोलो जीटी टीएसआय कोरड्या दुहेरी क्लचची होती, 2020 च्या एक लिटर टर्बो पोलोत सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आला. व्हर्टसच्याही छोट्या, 115 अश्वशक्तीच्या इंजिनाबरोबर टॉर्क कन्व्हर्टरच मिळतो. हौशी मंडळी त्याला सुस्त म्हणून नाक मुरडतात आणि गिअर बदलण्याच्या चपळाईत तो मागे आहेच. पण गरियाहाट ते बालीगंज फांडी हा रोजचा रस्ता असेल तर मी डोळे झाकून तोच घेईन. आणि ज्याने 1.5 ची गाडी आधीच घेतली आहे, त्याने चढावर ब्रेक दाबून थांबावं. ब्रेकवर पाय पडला की क्लच जवळजवळ मोकळा सोडला जातो. पुढची गाडी हातभर हलली म्हणून लगेच सरकू नये, एका गाडीएवढी जागा होऊ द्यावी. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.