हलत्या डोक्याबरोबर चालणारा हात

जेजुरीच्या गडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भंडारा, खोबरं आणि टाकांच्या दुकानांच्या ओळीत एक सलून आहे. आत आरसे, खुर्च्या, टीव्ही, सगळं आहे. पण जावळाचं काम त्या खुर्च्यांवर होत नाही. मागच्या पडवीत सतरंजी अंथरलेली असते. मामानं भिंतीला पाठ टेकून मांडी घालायची, भाच्याला मांडीत घ्यायचं आणि काकांनी समोर बुटक्या पाटावर बसायचं. खुर्चीत मांडी उतरती होते, पोर खाली घसरतं आणि ते सावरायला मामा नेमका नको तेव्हा हलतो, हे त्यामागचं कारण.

काका म्हणजे इथले न्हावी. वडीलही हेच काम करायचे. रविवार खंडोबाचा, त्यामुळे त्या दिवशी पडवीत नंबर लागतात. मी त्यांच्या मागे एका कोपऱ्यात बसून पाहत होतो. जेजुरीला लग्नानंतर नवरा नवरीला उचलून पाच पायऱ्या चढतो. वर्षा-दीड वर्षात तीच जोडपी बाळाला घेऊन जावळासाठी येतात. सोबत आजी-आजोबा, मामा, आत्या आणि भाड्याची गाडी. गाडीवाल्याला वेळेत परतायचं असतं, अभिषेकाची वेळ ठरलेली असते, कुणीतरी मोबाइल उभा धरून व्हिडिओ काढत असतं. उंबऱ्यातच पहिला प्रश्न येतो, "काका, पंधरा मिनिटांत उरकेल ना?"

काका उत्तर देत नाहीत. आधी बाळाच्या डोक्यावर तळवा ठेवतात. डोकं गरम लागलं तर काखेत हात घालून बघतात. मग केस बोटांनी फाकवून टाळूभोवती खपल्या आहेत का, कानामागे ओल किंवा पुरळ आहे का, ते पाहतात. तेलकट पिवळ्या खपल्या बऱ्याच बाळांना असतात. त्यांचा त्रास नसतो, पण वस्तरा त्यावरून गेला की खालची कातडी निघते. अशांना ते घरी परत पाठवतात. रात्री तेल लावा, सकाळी मऊ फडक्यानं पुसा, नखानं काढू नका, आठ-पंधरा दिवसांनी या. फोड किंवा गजकर्णासारखा चट्टा दिसला तर सरळ डॉक्टरकडे. शेवटी लसीची चौकशी. नवव्या महिन्यातल्या गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप कधी कधी आठवड्याभरानंतर येतो, हे त्यांना आयांनीच सांगून सांगून पाठ झालंय.

बाळ किती महिन्यांचं, यावर घराघरांत वाद असतो. पाचवा, सातवा, नववा, अकरावा असा विषम महिना धरायचा किंवा तिसरं वर्ष, ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत. काकांचा हिशेब वेगळा. पाचव्या महिन्यात मान धरलेली असते, पण बाळ बसत नाही, सगळा भार मामाच्या हातावर येतो. साधारण आठव्या महिन्यानंतर अनोळखी माणूस दिसला की रडण्याचं वय सुरू होतं आणि काका तर अनोळखीच. "सातव्यात बसतंबी अन् आपल्याकडं बघून हसतंबी," ते म्हणतात. मुहूर्ताचं हे गणित पंचांगात नाही, पण मला पटलं.

काम सुरू होतं ते कात्रीनं. मामा पहिली बट कापतो, सगळे टाळ्या वाजवतात, बाळ दचकतं. ती टाळीच काकांना नको असते. मग लांब झुलपं कोरडी असतानाच कापून घ्यायची, म्हणजे वस्तऱ्याला ओढ बसत नाही. त्यानंतर कोमट पाणी. मनगटावर थेंब टाकून पाहतात, पिचकारी वापरत नाहीत. पिचकारीच्या फुस्स आवाजानं निम्मी पोरं रडतात. ओंजळीनं थोडं थोडं पाणी घेऊन बोटांच्या पेरांनी ते मुळापर्यंत मुरवतात. यात बराच वेळ जातो. बघणाऱ्याला वाटतं, नुसतं डोकं चोळताहेत. पण केस भिजून मऊ झाले की कमी जोरात कापले जातात, ओले पुंजके डोळ्यात-तोंडात उडत नाहीत आणि तेवढ्यात बाळाला या हाताची सवय होते.

जुना खटक्याचा वस्तरा काकांनी धोकटीत आठवण म्हणून ठेवलाय. वापरतात तो अर्धं पातं बसवायचा. पातं कागदातच मोडायचं, एक अर्धं बसवायचं आणि हे सगळं आईबापांच्या समोर. काम झालं की ते डब्यात टाकायचं. उरलेलं अर्धं पुढच्या बाळाला, वापरलेलं कुणालाच नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस टिकतो, त्यामुळे पातं डेटॉलमध्ये बुडवून पुसलं की झालं, हा समज घातक आहे. तुरटीचंही तेच. एकच खडा दहा डोक्यांवर फिरवला तर तो औषध राहत नाही. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर रोज हजारो लोक केस देतात, तिथेही टोकनबरोबर नवं पातं मिळतं. एवढ्या गर्दीत जे जमतं ते गावच्या सलूनमध्ये न जमायला काही कारण नाही.

आता खरं काम. काका बाळाचं डोकं धरून ठेवत नाहीत. डावा तळवा कवटीच्या मागे असतो, पण आवळलेला नसतो. अंगठ्यानं कातडी हलकीच ताणलेली. उजव्या हातातला वस्तरा चिमटीत आणि करंगळी बाळाच्या डोक्यावर टेकलेली. सगळी मेख त्या करंगळीत आहे. बाळानं मान झटकली की करंगळीला ती आधी कळते आणि हात डोक्याबरोबरच सरकतो, होडीत उभा असलेला कोळी लाटेबरोबर झुलतो तसा. डोकं आणि पातं यांच्यातलं अंतर बदलतच नाही. ज्यांचा हात हवेत असतो त्यांच्याकडून चिरा पडतात. हात कायम सुलटा, केसांच्या दिशेनं, बोटभर लांबीचा. उलटा हात मारून गोटा तुळतुळीत करायचा आग्रह घरच्यांचा असतो. काका तो ऐकून सोडून देतात. बारीक खुंट राहिले तरी चालतील, हे त्यांचं मत आणि माझंही.

टाळूची सगळ्यांना धास्ती असते. पुढची टाळू बहुतेक मुलांची नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान भरते, म्हणजे पहिल्या वर्षातल्या जावळाच्या वेळी ती बहुधा उघडीच असते. तिथे हाड नसलं तरी कातडीखाली चिवट पडदा असतो. हलक्या हातानं तिला काही होत नाही. पण बाळ जोरात रडलं की टाळू किंचित वर येते आणि ठोके उडताना दिसतात. मघाशी सपाट असलेली जागा आता फुगीर झालेली. म्हणून टाळूवरचे केस काका सर्वांत शेवटी काढतात आणि बाळ रडत असेल तर वस्तरा मिटून बसतात. घरचे म्हणतात, थोडंच राहिलंय, धरतो आम्ही, उरका. त्यावर ते उठून चहा घ्यायला जातात. मी एकदा पाहिलं, बाळ आईच्या अंगावर पिऊन झोपेपर्यंत व्हिडिओ काढणारा भाऊ ताटकळत उभा होता. पण पोट गच्च भरल्यावर लगेच सुरुवातही करायची नाही. रडता रडता उलटी होते.

या बाबतीत आपलं जुनं शास्त्र मला आजच्या नातेवाइकांपेक्षा शहाणं वाटतं. आश्वलायन गृह्यसूत्रात चौल, म्हणजे जावळच, तिसऱ्या वर्षी किंवा कुळाच्या रीतीनं करायला सांगितलंय. त्यात पात्याला 'याला इजा करू नकोस' अशी विनवणी आहे आणि न्हाव्याला सूचना आहे की कोमट पाण्यानं, जखम न करता काम कर. मुलींचंही चौल सांगितलंय, फक्त मंत्रांशिवाय. काकांनी हे सूत्र वाचलेलं नाही. मी सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "मग मामाला गप बसायला सांगितलंय का त्यात?"

चीर पडलीच तर डोक्याच्या कातडीतून रक्त भरपूर येतं, त्या मानानं जखम लहान असते. स्वच्छ सुती घडी पाचेक मिनिटं न उचलता दाबून धरायची. दर क्षणाला उचलून पाहिलं की रक्त थांबत नाही. हळद भरायची नाही. थांबलंच नाही किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत सूज, पू, ताप दिसला तर दवाखाना.

जेजुरीत पुढची अडचण वेगळीच. डोकं उघडं झालं की आजी भंडाऱ्याची मूठ घेऊन तयार असते. बाजारातला सगळा भंडारा शुद्ध हळदीचा असतो असं नाही आणि नुकत्याच तासलेल्या कातडीला रंगाची पूड झोंबते. काका सांगतात, भंडारा कपाळाला लावा. डोक्यावर स्वस्तिक काढायचं तर गंधाचं बोट हलकंच फिरवा आणि आंघोळीत धुऊन टाका. मग सुती टोपडं, कारण गडावर ऊन असतं आणि आता डोक्यावर केसांची सावलीही नाही. मानेवर, कानांत, झबल्याच्या आत गेलेले बारीक केस रात्रभर टोचतात, म्हणून कपडे तिथेच बदलायचे.

जावळ काढलं की केस दाट येतात, हे मात्र खरं नाही. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, वस्तरा तिथवर पोचतच नाही; कापलेलं टोक बोथट असल्यानं नवे केस जाड भासतात. काकांना हे माहीत आहे. ग्राहकाला सांगत नाहीत. "त्यांची हौस," म्हणतात.

दुपारी एक कुटुंब नाक गळणाऱ्या बाळाला घेऊन आलं. काकांनी तळवा ठेवला, मामाकडून कात्रीनं पाच बटा कापून घेतल्या, त्या आत्याच्या रुमालात दिल्या आणि म्हणाले, उरलेलं सर्दी गेल्यावर. आजी चिडली. नवस पुरा न करता गड चढायचा कसा? शिवाय पुन्हा यायचं म्हणजे गाडीभाडं. काकांनी नारळ, टॉवेल घेतला, पैसे परत केले. आजीनं पैसे घेतले आणि टॉवेलही परत मागितला.