शनिवारवाड्यातील हाक

आपल्या गावात एखादा पडका वाडा असेलच. तिन्हीसांजा झाल्या की मुले तिकडून जायला भितात आणि म्हातारी माणसे सांगतात, "तिथे कोणीतरी आहे, बरे का!" पुण्यासारख्या शहरातही असा एक वाडा आहे, तो म्हणजे शनिवारवाडा. तेथे रात्री "काका, मला वाचवा!" अशी हाक ऐकू येते, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ती हाक कोणाची, ते पाहू.

थोरल्या बाजीरावांच्या या वाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली. पुढे ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भर दिवसा, गारदी आत घुसले. पेशवे नारायणराव तेव्हा अवघे अठरा वर्षांचे. चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते. नारायणराव धावत त्यांच्याकडे गेले, त्यांना बिलगले; पण गारद्यांनी त्यांना ठार केले. मूळ हुकूम धरण्याचा होता, आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, अशी आख्यायिका आहे. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला. तोही मारला गेला.

मग न्याय झाला का? रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरविले. पण ते तर स्वतःच पेशवे होऊन बसले होते! पुढे त्यांनी इंग्रजांचा आश्रय घेतला, १७७५ साली सुरतेचा तह केला आणि १७८३ साली ते वारले. खुनाची शिक्षा त्यांना झालीच नाही.

आता गंमत पाहा. ज्या महालांत हे घडले ते आज उभेच नाहीत. १८२८ साली मोठी आग लागून आतील इमारती जळाल्या. उरले ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. जुन्या तटात घुबडे राहतात. गव्हाणी घुबड ओरडले तर माणूस किंचाळल्याचाच भास होतो. पण त्या ओरडण्यात "काका" हा शब्द कोण घालतो? आपले मन घालते. जिथे अन्याय झाला आणि त्याची भरपाई झाली नाही, तिथे लोकांच्या मनाला स्वस्थता नसते. तीच अस्वस्थता भुताचे रूप घेते.

मात्र भुताच्या गोष्टीत एक उणेपण राहते. तीत धन्याची हाक ऐकू येते, चापाजीची येत नाही. म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, गावच्या पडक्या वाड्याची गोष्ट मुलांनी सांगितली, तर "भूतबीत काही नसते" एवढ्यावरच त्यांना गप्प करू नका. त्यांना विचारा, "तिथे काय घडले होते? कोणावर अन्याय झाला? कोणाचे नाव सांगायचे राहून गेले?" उत्तर शोधायला ती म्हाताऱ्या माणसांकडे जातील, जुने कागद पाहतील. भीती आपोआप ओसरेल आणि तिच्या जागी इतिहास येईल.