शिकवणारे हात (९) : बिनअंड्याच्या केकला सासू नव्हती

तरला दलाल, म्हणजे तरलाबेन, यांचं १९७४चं पाककृतींचं पुस्तक आज पान-पान बघायचं, असं गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. मध्येच बार्शीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाने माझे तीन दिवस घेतले. त्या विचारतात, "केकमध्ये अंडं नाही, तर तो फुगतो कशाने? आणि फुगल्यावर खाली बसत का नाही?"

प्रश्न रसायनाचा आहे, पण तरलाबेनच्या शिकवण्याचं मर्म त्यातच सापडतं.

अंडं केकमध्ये तीन कामं करतं. फेटताना ते हवा कोंडून धरतं. भट्टीच्या आचेने त्यातली प्रथिनं घट्ट होतात आणि हवेच्या त्या बारीक कप्प्यांच्या भिंती उभ्या राहतात. आणि बलकातल्या लेसिथिनमुळे लोणी आणि पाणी वेगळं होत नाही. अंडं वगळलं की ही तिन्ही कामं पोरकी होतात. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ज्या केकने पाय रोवले, त्यात ती वाटून घेतली जातात. कंडेन्स्ड मिल्क म्हणजे साखर घालून आटवलेलं दूध. त्यातली प्रथिनं लोणी-पाण्याला धरून ठेवतात, साखर ओलावा टिकवते आणि वरच्या सालीला तो सुंदर बदामी रंग येतो. भिंतींचा भार मैद्यावर पडतो. हवेच्या जागी सोडा आणि बेकिंग पावडरचा वायू येतो.

इथे एक मेख आहे. फेटलेल्या अंड्यातली हवा थोडा वेळ दम धरते, सोड्याचा वायू धरत नाही. मिश्रण ओलं झालं, त्याला थोडा आंबटपणा मिळाला की तो सुटायला लागतो. म्हणून भांड्याला तूप आधी लावायचं, भट्टी आधी तापवायची आणि मिश्रण झालं की क्षणाचाही उशीर करायचा नाही. फार घोटायचंही नाही, नाहीतर मैद्याला चिवटपणा येतो. सोडा कमी पडला तर केक दडस होतो. जास्त झाला तर भसकन फुगून मध्ये बसतो, काळपट पडतो आणि तोंडात साबणासारखी चव राहते. माझं प्रमाण सांगते : २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १४० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम पातळ केलेलं लोणी, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा सोडा आणि मिश्रण सैल करण्यापुरतं पाणी. दोन्ही चमचे सपाट. शीग नको.

त्या 'सपाट' शब्दापाशी मला थांबायचं आहे.

कमलाबाई ओगले यांचं पाककृतींचं पुस्तक 'रुचिरा' १९७०चं. कमलाबाई सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या आणि ते शिकणं त्यांनी वाटी-चमच्याच्या मापात बसवून सगळ्यांना दिलं. पुरणपोळी असो की अळूची भाजी, त्या मापामागे घरातली एक जाणती बाई उभी होती. चुकलं तर ती सांगणार : अगं, कणीक अजून सैल हवी. पण पुण्यात जन्मलेल्या आणि लग्न होऊन मुंबईला आलेल्या तरलाबेन १९६६पासून स्वतःच्या घरी वर्गात जे शिकवू लागल्या, त्यात इटालियन होतं, मेक्सिकन होतं आणि सगळं शाकाहारी. यातल्या कुठल्या पदार्थाला, किंवा बिनअंड्याच्या केकला, गुजराती, जैन किंवा ब्राह्मणी घरात सासू होती? चुकलं तर सांगणारं कोणी नाही. अशा वेळी मापच घरातलं वडीलधारं माणूस होतं. तरलाबेनचं मोठेपण मला इथे दिसतं. परदेशी पदार्थ आणणारे पुष्कळ झाले; तरलाबेननी तो पदार्थ, ज्या बाईने तो कधी चाखलाही नाही तिच्या हातून पहिल्याच खेपेला जमेल, इतका नेमका करून दिला.

केकमधल्या अंड्यासारखाच जेलीतही पर्याय शोधावा लागला. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून येतं, म्हणून या घरांत चायना ग्रास आलं. ते समुद्री शेवाळातून निघतं. चांगलं उकळून विरघळवावं लागतं, पण मग फ्रीजशिवायही, घरातल्या हवेत ते घट्ट बसतं. ज्या काळात फ्रीज घरोघरी नव्हता, तेव्हा ही केवढी सोय!

आमच्याकडे ओव्हन नव्हता. आई कुकरच्या तळाशी वाळू पसरायची, शिट्टी आणि रिंग काढून ठेवायची आणि मंद आचेवर केक करायची. पहिला केक मध्ये खड्डा पडून बसला, कारण सोडा शीग भरून गेला होता. मग मापाचे चमचे आले. आई सुरीच्या पाठीने चमचा सपाट करायची आणि वापरून झाला की पळीशेजारच्या खिळ्याला अडकवायची. आजीचा मात्र सगळा स्वयंपाक चिमटीवर. मीठ किती, विचारलं की "लागेल तेवढं" हे एकच उत्तर. धाकट्या भावाच्या वाढदिवसाला आई तापाने पडली होती. केक आजीने करायला घेतला. खिळ्यावरचा चमचा काढून ती आईच्या उशाशी आली आणि विचारलं, "सोडा किती गं घालू?"

आईने पडल्यापडल्याच सांगितलं, "अर्धा. आणि सपाट करा हं, आई."

पुढच्या आठवड्यात १९७४चं पुस्तक.