पाकीट आणि निरोप

मुळशी तालुक्यात मालकी म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह झाला, तो धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी. आज याच तालुक्यातील हिंजवडीत संगणकाच्या आज्ञावली लिहिणारी मंडळी बसतात आणि त्यांच्यापुढेही निराळ्या रूपाने हाच प्रश्न असतो : ही वस्तू कोणाची?

संगणकाच्या स्मृतीतील जागा मागून घ्यावयाची आणि काम झाले की परत करावयाची असते. सी++ सारख्या भाषेत ही जबाबदारी लिहिणाराची. परत करावयाचे राहिले, तर जागा अडून पडते. दोघांनी ती आपलीच समजून दोनदा परत केली, किंवा परत केल्यावरही वापरली, तर घोटाळा होतो. कारण तोवर तेथे दुसऱ्याचा मजकूर आलेला असतो. चोर शिरतात ते अशाच फटींतून. आपण दुरुस्त करतो त्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या हाताळणीतले असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितले.

यावर एक उपाय असा : प्रत्येक वस्तूस एकच धनी असावा. सी++ च्या २०११ सालच्या आवृत्तीत यासाठी ‘युनिक पॉइंटर’ आला. त्याची नक्कल निघत नाही. तो फक्त या हातातून त्या हातात जातो, आणि देणाराचा हात रिकामा होतो. त्यापूर्वीचा ‘ऑटो पॉइंटर’ वरून नक्कल केल्यासारखा दिसे आणि मूळ मात्र गुपचूप रिकामे करी. २०१७ साली त्यास भाषेतून काढून टाकले. हस्तांतर व्हावे, पण उघडपणे व्हावे, हा त्यातील धडा.

खरी अडचण पुढे आहे. आज्ञावली मजकुराची वाट पाहत खोळंबून राहू शकत नाही. म्हणून ती निरोप ठेवते : ‘मजकूर आला की हे काम कर.’ यास कॉलबॅक म्हणतात. समजा, आपण एस. टी.च्या ड्रायव्हरपाशी पाकीट देऊन सांगितले, ‘गाडी पौडला पोचली की हे मास्तरांना द्या.’ नुसता निरोप असता, तर तो दहा जणांजवळ सांगता आला असता. पण आता निरोपाच्या पोटात पाकीट आहे, आणि पाकीट एकच आहे. तेव्हा या निरोपाचीही नक्कल निघणार नाही, आणि पाकीट एकदा मास्तरांच्या हाती पडले की तो पुन्हा बजावताही येणार नाही. वस्तूचा गुण निरोपास लागतो तो असा.

२०११ च्या सी++ मध्ये निरोप ठेवण्याची जी ‘फंक्शन’ नावाची पेटी होती, ती नक्कल निघेल असाच निरोप घेई. पुष्कळांनी मग वस्तू सामाईक मालकीची करून वेळ भागविली. पण शेवटचा धनी कोण आणि तो हात कधी सोडील, हे सांगणे त्यामुळे कठीण झाले. निरोपातच वस्तू हलवून ठेवण्याची सोय २०१४ साली आली, आणि असा निरोप ठेवावयाची ‘मूव्ह ओन्ली फंक्शन’ ही पेटी २०२३ साली. तीही नक्कल टाळते, एवढेच. दोनदा बजावणे टाळीत नाही. रस्ट या भाषेतील ‘एफएन-वन्स’ निरोप बजावताच संपतो. दुसऱ्यांदा बजावू गेल्यास कंपायलरच अडवितो.

गाडी पौडला पोचलीच नाही तर? पाकीट तेव्हाही बेवारस नसते. निरोप रद्द झाला की त्याच्या पोटातील वस्तूचीही व्यवस्था लागते आणि जागा मोकळी होते. कारण त्या घटकेस तिचा धनी तो निरोपच असतो.

म्हणून निरोप लिहिताना आम्ही एक प्रश्न आधी विचारावा : यात नुसते शब्द आहेत की पाकीटही आहे? पाकीट असेल, तर ते ज्याच्या हाती दिले त्याचे झाले. आपण पुन्हा त्यास हात लावू नये.