मोफत भात, कालवण आणि तूप : चिंचणीच्या ताम्रपटात सापडलेलं ११०० वर्षांपूर्वीचं जेवण

चिंचणी म्हटलं की आपल्याला आठवतो समुद्रकिनारा आणि सुरूची झाडं. बोईसरहून रिक्षा पकडायची, किनाऱ्यावर संध्याकाळ काढायची आणि परत यायचं. पण याच चिंचणीत १९५५ साली तांब्याचे नऊ पत्रे सापडले. त्यावर पाच वेगवेगळे लेख कोरलेले होते. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचले आणि त्यात चक्क एका जेवणाचा मेनू निघाला.

काय होतं जेवणात?

यातला सर्वात जुना लेख शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. तेव्हा राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र गादीवर होता. या भागाचा कारभार चालायचा 'संयान' इथून. संयान म्हणजे आजचं संजाण, पारशी लोक जिथे उतरले असं सांगतात तेच. आता ते सीमेपलीकडे गुजरातमध्ये येतं.

लेखात म्हटलंय की संयानच्या अधिकाऱ्याने तिथे एक 'सत्र' सुरू केलं. सत्र म्हणजे आपलं अन्नछत्र. तिथे शालि तांदळाचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळायचं. 'शालि' हा शब्द अनोळखी वाटला तरी 'साळीचे तांदूळ' आपल्याला माहीत आहेत. साळ हा शब्द त्यातूनच आलाय.

फक्त त्या कालवणात मिरची, टोमॅटो, बटाटा नव्हता. या तिन्ही गोष्टी पोर्तुगीजांनंतर आपल्याकडे आल्या. तिखटपणासाठी तेव्हा होती काळी मिरी.

याच अधिकाऱ्याने दोन नद्यांवर फुकट होडीची सोयही केली होती. म्हणजे वाटसरूला नदी पार करायला पैसे नाहीत आणि जेवायलाही नाहीत.

हा अधिकारी कोण होता?

त्याचं नाव मधुमती, टोपणनाव सुगतिप. लेखात त्याला 'ताजिक' म्हटलंय. ताजिक म्हणजे अरब. मधुमती हे 'मुहम्मद' या नावाचं संस्कृत रूप असल्याचं अभ्यासक सांगतात. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने त्याला संयानचा कारभार दिला होता.

या मधुमतीने आणखी एक दान दिलं. संयानला अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने देवीची मठिका बांधली होती. तिच्यासाठी एक अख्खं गाव आणि दुसऱ्या गावातली काही जमीन तोडून दिली. त्या उत्पन्नातून तीन कामं व्हायची : मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि तिथल्या ब्राह्मण परिषदेच्या नऊ जणांचं जेवण.

जेवणाचा खर्च तांब्यावर का कोरला?

कारण तो जमिनीचा व्यवहार होता. एक दिवस जेवण घालायला पैसे पुरतात. वर्षानुवर्षं घालायचं तर कायमचं उत्पन्न लागतं. अधिकारी बदलला, राजा बदलला तरी कुणी ते उत्पन्न अडवू नये म्हणून कागदपत्र तांब्याचं.

आणि ते टिकलंही. पुढे राष्ट्रकूट गेले, शिलाहार आले. इ.स. १०३४ च्या लेखात चामुंडराज या शासकाने मठिकेला एक तेलाचा घाणा दिल्याची नोंद आहे. तेल कशासाठी? देवीसमोरच्या दिव्यासाठी आणि आलेल्या विद्वान पाहुण्यांच्या पायांना लावण्यासाठी.

रोममध्ये कसं होतं?

प्राचीन रोमन मेजवान्यांचे रील्स तुम्ही पाहिले असतील. श्रीमंत लोक डाव्या कोपरावर रेलून जेवायचे. तीन बाजूंना तीन लांब आसनं, प्रत्येकावर तिघं, म्हणजे पंगत नऊ जणांची. संयानच्या मठिकेतही नऊ जणच, पण हा निव्वळ योगायोग. पाहुणे आले की त्यांचे पाय धुतले जायचे, फक्त ते काम गुलामाचं असायचं.

रोममध्ये गरिबांसाठी फुकट धान्यही होतं. सम्राट ऑगस्टसच्या काळात दोन लाखांहून जास्त लोकांना दरमहा साधारण ३३ किलो गहू मिळायचा. पण त्यासाठी यादीत नाव लागायचं, आणि यादीत फक्त नागरिक पुरुष. बायका, गुलाम, परगावचा माणूस बाद. थोडक्यात, आपल्या रेशनकार्डासारखं. शिवाय गहू दळून भाकरी भाजून घ्यायची ती ज्याची त्याने.

संयानच्या सत्रात मात्र शिजवलेलं जेवण मिळत होतं.

आज संजाण आणि चिंचणीच्या मध्ये राज्याची सीमा आहे. ९२६ साली हा सगळा एकच पट्टा होता. तिथे एक अरब अधिकारी वाटसरूंना तूपभात वाढत होता, देवीच्या नैवेद्याला गाव लावून देत होता, आणि ते संस्कृतमध्ये तांब्यावर लिहून ठेवत होता. पुढच्या वेळी चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलात, तर सोबतच्यांना हे नक्की सांगा.