चोविसावा आठवडा आणि डॉक्टरांची शपथ

पिंपळे सौदागरचा कोकणे चौक असो की चाकणची बाजारपेठ, सोनोग्राफी केंद्रात पाऊल टाकलं की एकच फलक समोर येतो: ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’. बाई ओळखपत्राची झेरॉक्स देते, ‘एफ’ फॉर्मवर सही करते आणि नाव पुकारण्याची वाट बघत बाकावर बसते. पाचव्या महिन्याची ही तपासणी साधारण १८ ते २० आठवड्यांत होते. बाळाचं हृदय, मेंदू, मणका, मूत्रपिंडं, सगळं एकेक करून पाहिलं जातं. बहुतेक जणी ‘नॉर्मल’ असा शब्द ऐकून घरी जातात. काहींना मात्र दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं जातं, कारण हृदयाचं चित्र नीट दिसलेलं नसतं. मेंदूची वाढ खुंटल्याचं तर कधीकधी सातव्या-आठव्या महिन्यातच कळतं. कायद्याची रेघ मात्र २४ व्या आठवड्यावर ओढलेली आहे. उशिराच्या गर्भपाताचा सगळा वाद या दोन तारखांमधल्या अंतरात उभा आहे. या वादात डॉक्टरांच्या नीतिसंहितेकडे बोट दाखवलं जातं, तेव्हा ती संहिता खरोखर काय सांगते हे आधी वाचायला हवं.

आपल्याकडे आजही लागू आहे ती २००२ ची संहिता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आली आणि त्याच महिन्यात स्थगित झाली. २००२ च्या संहितेला जोडलेल्या प्रतिज्ञेत डॉक्टर म्हणतो की गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीवनाचा मी परम आदर राखीन. त्याच संहितेत पुढे असंही आहे की वैद्यकीय कारण असेल तर केवळ धर्माच्या कारणावरून डॉक्टरने गर्भपाताला नकार देऊ नये. पहिलं वाक्य १९४८ च्या जिनिव्हा घोषणेतून आलेलं आहे. त्या घोषणेतले ‘गर्भधारणेपासून’ हे शब्द जागतिक वैद्यकीय संघटनेने १९८३ मध्ये बदलले, आणि २०१७ च्या मसुद्यात रुग्णाच्या स्वायत्ततेचा आदर हे वचन घातलं. आपल्या प्रतिज्ञेत मात्र जुने शब्द तसेच राहिले. म्हणून शपथेचा दाखला देऊन उशिराचा गर्भपात अनैतिक ठरवणारा माणूस संहितेचं एकच पान वाचतो. समोरच्या बाईशी, तिच्या आजाराशी, तिच्या गुपिताशी कसं वागायचं हे संहिता डॉक्टरला सांगते. बाईच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार ती त्याला कुठेच देत नाही.

हा फरक विसरणं आपल्याला महागात पडलेलं आहे. १९७१ चा कायदा ज्या समितीच्या अहवालावर उभा राहिला तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह होते, आणि बेकायदा गर्भपातांत मरणाऱ्या बायका वाचवणं हा त्या समितीपुढचा मोठा प्रश्न होता. तेव्हा मर्यादा ठरली २० आठवड्यांची. घरोघरी सोनोग्राफीचे रिपोर्ट येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. २००८ मध्ये मुंबईचं एक जोडपं आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. बाळाच्या हृदयात गंभीर दोष होता आणि तो कळेपर्यंत २० आठवडे उलटून गेले होते. ऑगस्टमध्ये न्यायालयाने परवानगी नाकारली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या बाईचा गर्भ आपोआप पडला. कायदा बदलायला २०२१ साल उजाडलं. आता ठरावीक गटांतल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ तपासतं, आणि नियमाप्रमाणे त्याने ३ दिवसांत मत द्यायचं असतं.

मंडळाचं काम नेमकं काय, यावरच माझा भर आहे. २०२३ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयापुढे सुमारे ३३ आठवड्यांची गर्भवती आली. बाळाचं डोकं आणि मेंदू यांची वाढ खुंटलेली होती. व्यंग गंभीर आहे हे मंडळाला मान्य होतं, तरी दिवस फार भरले म्हणून त्याने नकार दिला. न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी निवड मंडळाची नसून त्या स्त्रीची आहे असं ठरवून परवानगी दिली. मला हा निकाल वैद्यकीय नीतीला धरून वाटतो. बाईच्या जिवाला धोका किती, बाळाचं पुढे काय होईल, प्रक्रिया कशी करावी लागेल हे मंडळाने सांगावं. आयुष्यभर ते ओझं वाहायचं की नाही, हे वाहणारीने ठरवावं.

आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. सर्वांत अवघड प्रसंग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात आला. २६ आठवडे, गर्भ निरोगी, आणि आई दुसऱ्या बाळंतपणानंतरच्या नैराश्याने खचलेली. बाळ जिवंत जन्माला येऊ शकतं, मग त्याचं हृदय आधी थांबवायचं का, असं एम्सच्या डॉक्टरने लेखी विचारलं. परवानगीचा आदेश झाल्यावर हे विचारल्याबद्दल न्यायालयात नाराजी व्यक्त झाली, पण प्रश्न प्रामाणिक होता. अशा वेळी अपुऱ्या दिवसांचं बाळ काढलं तर त्याला जन्मभराची इजा होऊ शकते. शेवटी परवानगी नाकारली गेली. निरोगी गर्भ जगण्याच्या उंबरठ्यावर असताना डॉक्टरचा हात अडखळणं मला समजतं, आणि तिथे बाईचा शब्द एकटा पुरत नाही हे मी मान्य करते. पण त्या एका प्रसंगाची रेघ सगळ्या बायकांवर ओढणं चूक आहे. दुसरा आक्षेप अपंगांच्या चळवळीतून येतो: व्यंगालाच सूट दिली की अपंग आयुष्य कमी मोलाचं ठरतं. हा घाव खरा आहे. त्यावर उत्तर आहे ते अपंग मुलाच्या आईबापांना आधार उभा करण्यात. बाईच्या शरीरावर सक्ती करून कुठल्याही अपंग मुलाला शाळा मिळत नाही.

मुलींच्या गर्भपाताची भीती महाराष्ट्राला आहे आणि ती असायलाच हवी. लिंग पाहून मुलींचे गर्भ पाडल्याचं परळीचं प्रकरण २०१२ मध्ये उघडकीस आलं. पुढच्या धरपकडीत अनेक औषध दुकानांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. आपण सर्रास ‘भ्रूणहत्या’ म्हणत राहिलो आणि कायदेशीर गर्भपातही गुन्हा वाटू लागला. पण आठव्या-नवव्या आठवड्यात दार बंद झालेली बाई गायब होत नाही, ती अठराव्या-विसाव्या आठवड्यात परत येते. लिंगनिदान रोखायचं तर ते यंत्रापाशी रोखावं, आणि त्यासाठी १९९४ चा कायदा आहे.

उशीर नेमका कुठे होतो, ते आपल्या पट्ट्यात पाहा. पिंपळे सौदागरच्या सोसायटीतल्या संगणक अभियंता बाईची तपासणी आठवड्याच्या हिशेबाने आखलेली असते. चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर जोडणी करणारीची तपासणी सुट्टीच्या हिशेबाने होते, कारण खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली. दोघींच्या गर्भात दोष सारखाच असला तरी दुसरीला तो उशिरा कळतो. तिने आधी सोनोग्राफीवाल्याकडून रिपोर्ट घ्यायचा, मग सरकारी रुग्णालयाची रांग धरायची, आणि मंडळाचं नाव तिला कुणी सांगितलंच तर पुण्याची वाट धरायची. नियमातले ३ दिवस तिचा अर्ज मंडळाच्या टेबलावर पोचल्यावर सुरू होतात. त्याआधी केंद्र, दवाखाना आणि एसटी यांत गेलेले आठवडे कुठल्याच फॉर्मवर मोजले जात नाहीत. तिचा रिपोर्ट वाचणाऱ्या पहिल्या डॉक्टरने त्याच दिवशी, त्याच टेबलावर, मंडळाकडे जाणारी चिठ्ठी लिहून दिली तर त्यातले बरेच आठवडे वाचतील.