सच्छिद्र काँक्रीट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे महिन्यात गृहनिर्माण सोसायट्यांच्या बैठकांत एक ठराव हमखास येतो: आवार काँक्रीटचे करून घ्यावे, चिखलाचा त्रास नको. चिखल खरोखर जातो. पण जमिनीत मुरणारे पाणीही मुरायचे थांबते आणि आवारातून रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात धावू लागते. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. या वाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती क्षमता 50 मिलिमीटरवर नेण्याचे ठरले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. गटारे रुंद करायला हवीतच, पण पाऊस जिथे पडतो तिथेच त्याला थोपवणेही तितकेच गरजेचे आहे. त्यासाठीचा एक उपाय म्हणजे सच्छिद्र काँक्रीट, म्हणजेच परव्हियस काँक्रीट. त्याविषयी अवास्तव आशाही आहेत आणि नाहक भीतीही.

गैरसमज: हे काहीतरी नवे, रसायने घातलेले काँक्रीट आहे.

वस्तुस्थिती: यात नेहमीचेच सिमेंट, खडी आणि पाणी असते. फरक एवढाच की वाळू जवळजवळ नसते आणि खडी बहुतांश एकाच मापाची, साधारण 10 मिलिमीटरची असते. चुरमुऱ्याच्या लाडवात पाक प्रत्येक दाण्याला चिकटतो, पण दाण्यांमधली जागा मोकळीच राहते. इथे सिमेंटचा लेप तेच काम करतो. या मोकळ्या जागा एकूण आकारमानाच्या 15 ते 25 टक्के असतात आणि एकमेकींना जोडलेल्या असतात. वाळूविना काँक्रीटच्या भिंती ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकातच बांधल्या जाऊ लागल्या. अमेरिकेतल्या फ्लोरिडात 1970 च्या दशकापासून अशी फरसबंदी वापरात आहे.

गैरसमज: वरचा थर घातला की पाणी गायब.

वस्तुस्थिती: 2015 मध्ये ब्रिटनच्या टारमॅक कंपनीची एक चित्रफीत जगभर फिरली. मिनिटभरात सुमारे 4,000 लिटर पाणी जमिनीत नाहीसे होताना त्यात दिसते. पाहणाऱ्याचे लक्ष वरच्या थरावर जाते, पण खरे काम त्याखालच्या खडीच्या थराचे असते. पाणी आधी तिथे साठते आणि मग सावकाश मुरते.

हिशेब सोपा आहे. 100 चौरस मीटरच्या पार्किंगवर तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 5,000 लिटर पाणी येते. खाली 300 मिलिमीटर जाडीचा धुतलेल्या खडीचा थर असेल आणि त्यात 40 टक्के पोकळी असेल, तर त्यात 12,000 लिटर मावते. गच्चीचे पाणीही तिथेच सोडायचे असेल तर थर त्या प्रमाणात वाढवावा लागतो. 2005 सारखा पाऊस यात मावणार नाही, म्हणून जादा पाण्याला वाट ठेवावीच लागते. नेहमीच्या जोरदार सरींना मात्र हा थर चांगला पुरतो.

त्याखालची जमीन कोणती, हेही पाहावे लागते. मुरमाड जमीन पाणी घेते. काळी माती फुगते आणि फार थोडे मुरू देते. काही ठिकाणी हात-दोन हातांवरच काळा पाषाण लागतो. अशा जागी खडीच्या तळाशी छिद्रांचा पाइप टाकून पाणी हळूहळू गटारात सोडतात. मग मुरणे कमी होते, तरी उपयोग राहतो, कारण सगळे पाणी एकदम गटारावर येत नाही. भरतीच्या वेळी मुंबईतले पाणी समुद्रात उतरत नाही, तेव्हा तासभर थोपवलेले पाणीही मोलाचे असते.

गैरसमज: पेव्हर ब्लॉक बसवले की तेच काम होते.

वस्तुस्थिती: ब्लॉकच्या सांध्यांत बारीक खडी आणि खाली मोकळ्या खडीचा थर असेल, तरच पाणी मुरते. खाली पीसीसी, म्हणजे साधे काँक्रीट, आणि सांध्यांत दगडाची भुकटी ठासलेली असेल, तर पाणी वरूनच वाहते.

गैरसमज: भोके असलेले काँक्रीट गाडीखाली फुटेल.

वस्तुस्थिती: याची दाबक्षमता सहसा 17 मेगापास्कलच्या आसपास असते, मिश्रणाप्रमाणे ती साडेतीन ते 28 पर्यंत बदलते. नेहमीच्या काँक्रीट रस्त्यासाठी एम-40, म्हणजे 40 मेगापास्कलचे काँक्रीट वापरतात, तेव्हा ताकद कमी आहे हे खरेच. पण पदपथ, सायकल मार्ग, मोटारींचे पार्किंग आणि सोसायटीतल्या हलक्या वाहतुकीच्या वाटा यांना ती पुरते. पाण्याचे टँकर आणि कचऱ्याचे ट्रक जिथे वळतात, तो पट्टा साध्या काँक्रीटचाच ठेवावा. यात सळया घालत नाहीत, कारण पाणी आणि हवा थेट पोचल्याने त्या गंजतात.

गैरसमज: कुठलाही मिस्त्री हे टाकू शकतो.

वस्तुस्थिती: बहुतेक कामे इथेच फसतात. सिमेंटच्या वजनाच्या साधारण 27 ते 34 टक्केच पाणी घालायचे असते. मिश्रण कोरडे दिसते, म्हणून कामगार सवयीने वरून पाणी मारतात. मग सिमेंटचा राडा खाली उतरतो आणि तळाशी बसून छिद्रे बंद करतो. वरून मात्र सगळे ठीक दिसते. जाणकार मुकादम मिश्रण मुठीत दाबून पाहतो. गोळा टिकला आणि खडीवर ओली चकाकी आली, तर पाणी बरोबर. गोळा विस्कटला तर पाणी कमी, आणि बोटांमधून लगदा ओघळला तर जास्त.

या मिश्रणात व्हायब्रेटर घालायचा नाही आणि ट्रीमिक्स काँक्रीटसारखे वर यंत्राने घोटायचेही नाही, कारण त्याने छिद्रांची तोंडे बुजतात. हलका रोलर फिरवून लगेच प्लॅस्टिक अंथरायचे आणि निदान सात दिवस काढायचे नाही. उघडे राहिले तर पातळ लेप लवकर वाळतो आणि वरची खडी सुटू लागते.

गैरसमज: वर्षभरात बुजते, मग पैसे वाया.

वस्तुस्थिती: माती साचली तर बुजते, हे खरे. म्हणून बागेच्या वाफ्यातली माती उताराने त्यावर येऊ द्यायची नाही, आणि कुणाच्या घराचे काम निघाले तरी वाळूचा ढीग त्यावर ओतायचा नाही. साध्या झाडूने धूळ आतच ढकलली जाते. ती यंत्राने ओढून घ्यावी लागते किंवा दाबाच्या पाण्याने काढावी लागते. हे वर्षातून एक-दोनदा करावे, त्यातले एक पावसाळ्यापूर्वी.

तपासणी सोसायटीलाही करता येते. 300 मिलिमीटर व्यासाचे कडे फरसबंदीवर ठेवून त्याची खालची कड पुट्टीने बंद करावी, आतली जागा आधी भिजवून घ्यावी आणि 18 लिटर पाणी ओतून वेळ मोजावा. चांगल्या फरसबंदीत ते मिनिटा-दोन मिनिटांत उतरते. दरवर्षीचा वेळ लिहून ठेवला की सफाईची गरज कधी आहे, ते आपोआप कळते.

गैरसमज: आत साठलेल्या पाण्यात डास होतात आणि विहिरीचे पाणी बिघडते.

वस्तुस्थिती: साठा दोन-तीन दिवसांत रिकामा होईल अशीच आखणी करतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, शिवाय पाणी उघड्यावर नसते. गाडीतून गळणाऱ्या तेलाच्या थेंबांचा बराचसा भाग थरातले सूक्ष्मजीव नष्ट करतात. मात्र पेट्रोल पंप, गॅरेज किंवा रसायनांची गोदामे असतील तिथे ही फरसबंदी करू नये. विहीर, बोअरवेल आणि इमारतीचा पाया यांच्यापासूनही अंतर ठेवावे.

तेव्हा ठराव करण्याआधी कंत्राटदाराला चार गोष्टी विचाराव्यात: खाली साठ्याचा थर किती जाडीचा आहे, जमिनीत पाणी किती मुरते ते तपासले का, जादा पाणी कुठे जाईल, आणि सफाई कोण करणार. यांची उत्तरे लेखी मिळाली, तरच काम द्यावे. आवाराच्या एका भागापुरते जरी हे नीट झाले, तरी तेवढे पाणी शेजाऱ्याच्या तळमजल्यात जाण्यापासून वाचते. आपल्या आवारात पडणाऱ्या पावसाची जबाबदारी आधी आपलीच आहे, आणि ती घेण्याचा हा एक सिद्ध झालेला मार्ग आहे.